न्यायाची चाड वारशातून येते की वारशाशी भांडून?

तापीकाठ

मंडळी, धागा लांबट आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या शेतमजूर संघटनेचं नव्या पोरापोरींसाठी शिबिर ठरतंय. वेळापत्रक झालं, आचारी ठरला आणि गाडी अडली भलत्याच ठिकाणी: सुरुवात कशाने करायची? जुने लोक म्हणतात भजनाने. कॉलेजात गेलेली पोरं म्हणतात, संविधानाची उद्देशिका वाचा, भजनं बास झाली, त्यांनीच आपल्याला हात जोडून बसायला शिकवलं. वाद एवढा रंगला की वनहक्काचे दावे कोण भरून घेणार हे ठरायचं राहूनच गेलं.

मला यात अंबरसिंग महाराज आठवतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा १९९८ चा. भिल्लांच्या जमिनी सावकारीत गेल्या आणि त्याच जमिनीवर ते सालदार म्हणून राबू लागले. अंबरसिंग सुरतवंती हे त्याच समाजातले, भजनं म्हणणारे, म्हणून लोक 'महाराज' म्हणत. १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला, माणूस मेला. त्यानंतर पुण्या-मुंबईकडची शिकलेली तरुण मंडळी आली आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. पण गावोगाव भिल्ल माणूस ज्याच्या शब्दावर बाहेर पडत होता तो हा भजनी महाराज. १९७४ मध्ये ते गेले, फार लवकर.

त्यांच्याही मागे एक धागा आहे. तळोद्याकडच्या मोरवडचे गुला महाराज. १९३८ च्या सुमारास त्यांनी भिल्लांना सांगितलं: दारू सोडा, स्वच्छ राहा, भेटलात की एकमेकांना 'आप की जय' म्हणा. ज्यांना आयुष्यभर 'ए' आणि 'अरे'शिवाय हाक ऐकायला मिळाली नाही, ते एकमेकांना 'आप' म्हणू लागले!

माझा प्रश्न असा. कार्यकर्त्याला अन्यायाची चीड येते ती असल्या वारशामुळे, की वारशाला लाथ मारल्यावर? पुस्तकी उत्तरं नकोत, तुमच्या भागातलं, तुमच्या घरातलं सांगा.

बिनकामाचा

पहिला! आता कोणीतरी 'आमच्या वेळी' म्हणेपर्यंत शेंगदाणे खात बसतो.

परखड

पोरांचं बरोबर आहे. 'वारसा' म्हटलं की जो तो आपल्या सोयीचा तुकडा उचलतो. त्याच वारशात गावाबाहेरचा पाणवठा आहे, चवदार तळं आहे, चोखोबाला महाद्वाराबाहेर ठेवणारं पंढरपूर आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये गांधीजींना उत्तर देताना स्वच्छ लिहिलंय की संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला चढवला नाही. देवापुढे सगळे सारखे एवढंच ते म्हणाले, माणसापुढे माणूस सारखा हे नाही. देवापुढच्या समतेने कोणाच्या घागरीत पाणी येत नाही. १९२७ च्या मार्चमध्ये लोक महाडला अभंग म्हणायला गेले नव्हते, तळ्याचं पाणी प्यायला गेले होते. आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिथेच मनुस्मृती जाळली. वारसाच होता ना तोही?

उद्देशिका वाचा. भजन ज्याला म्हणायचंय त्याने जेवणानंतर म्हणावं.

टाळकरी

परखड, मान्य, पण अर्धंच सांगितलंत. त्याच बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारं पुस्तक लिहिलं आणि ते अर्पण केलं नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना. कबीर तर त्यांच्या तीन गुरूंतला एक, बुद्ध आणि फुल्यांबरोबर. घर कबीरपंथी, वडील रामजी सुभेदार रोज संतांची पदं म्हणायचे आणि पोरांकडून म्हणून घ्यायचे. हे सगळं एका माणसात एकाच वेळी नांदत होतं. संतांवरची टीकाही त्याची आणि अर्पणपत्रिकाही त्याचीच.

मी माळकरी. दरवर्षी वारीला जातो. साने गुरुजींचं पंढरपूरचं उपोषण आमच्या घरी पुराणासारखं सांगितलं जायचं. १ मे १९४७ ला बसले, १० मेला सुटलं. त्याआधी काही महिने गावोगाव फिरून मंदिरं, विहिरी खुल्या करा म्हणून सांगत होते. पंढरपुरात त्यांना बसायला जागा मिळेना. शेवटी तनपुरे महाराजांनी आपल्या मठात जागा दिली. लक्षात घ्या, मठ वारकऱ्याचा. आणि विरोध करणारेही विठ्ठलाचेच भक्त. 'जाव साने भीमापार, नहीं खुलेगा विठ्ठलद्वार' अशा घोषणा देत फिरत होते. म्हणजे त्या दहा दिवसांत एकाच वारशाचे दोन वारस समोरासमोर उभे होते. गुरुजी बाहेरून आले नव्हते, घरातलेच होते. म्हणून तर झोंबलं.

परखड

आणि तरी दार उघडायला माणसाला दहा दिवस उपाशी राहावं लागलं. विठ्ठलाने आतून कडी काढली नाही.

टाळकरी

😀 नाही काढली. बडव्यांनी काढली.

खान्देशी_भरीत

तापीकाठ भाऊ, तुम्ही आमच्याच आळीचे दिसता.

माझे आजोबा सालदार. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना सांगतो: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं. वर्षाची मजुरी, त्यातले थोडे पैसे आधीच उचल म्हणून द्यायचे, आणि ती उचल फिटेपर्यंत पुढचं साल त्याच मालकाकडे. उचल फिटायची नाहीच. पहाटे बैलांना वैरण टाकण्यापासून रात्री मळ्यात राखणीला झोपेपर्यंत सगळं त्यात आलं. शिवाय मालक लोकांच्या पीक संरक्षण सोसायट्या. त्यांचे राखणदार काठ्या घेऊन फिरायचे, गवताचा भारा घेऊन जाणारी बाई दिसली की चोरीचा आळ.

आमच्या फळीवर (आमच्याकडे वस्तीला फळी म्हणतात) भजनी मंडळ होतं. आजोबा सांगायचे की दिवसा चार माणसं एकत्र उभी दिसली तरी मालक विचारायचा, काय चाललंय रे? भजनाला मात्र कोणी हटकत नव्हतं. देवाचं नाव चाललंय म्हटल्यावर मालकही खूश. दोन भजनं झाली की ढोल खाली ठेवायचा, विड्या पेटायच्या, आणि मग कोणाला किती उचल, कोणाच्या पोराला मारलं, कोणाचा सातबारा कोणाकडे अडकलाय हे निघायचं. मग पुन्हा ढोल. आजोबा भक्त वगैरे काही नव्हते. पण सभा म्हणजे काय असते ते त्यांना भजनानेच शिकवलं.

तेव्हा पोरांना सांगा, भजनं हात जोडायला शिकवतात हे खरंय. ती रात्री बारापर्यंत एकत्र बसायलाही शिकवतात.

अजिता_म

खान्देशी_भरीत, सुंदर प्रतिसाद. पण बायकांचं काय? तुमच्या त्या भजनाला आजी होती का?

गुला महाराजांच्या दारूबंदीबद्दल मला नेहमी दोन मनं असतात. एकीकडे आंघोळ करा, दारू-मांस सोडा, म्हणजे वरच्या जातींसारखे व्हा, असाच त्याचा सूर लागतो. मोहाची दारू भिल्लांच्या देवकार्यात लागते, ती सोडणं म्हणजे आपलाच वारसा सोडणं. दुसरीकडे दारूचा ठेका कोणाकडे आणि उधारी कोणाच्या वहीत हे पाहिलं की चित्र फिरतं. दक्षिण गुजरातेत १९२२-२३ मध्ये देवीची चळवळ झाली, सलाबाई देवी अंगात यायची आणि सांगायची दारू सोडा. अंगात देवी, पण फटका बसला दारूच्या पीठेवाल्यांना. लोकांनी प्यायचं सोडलं, त्यांच्याकडे कामाला जायचंही सोडलं.

आणि शहाद्यात १९७२-७३ च्या सुमारास बायकांनी गुत्त्यांवर जाऊन मडकी फोडली, ते तर मला सगळ्यांत मोठं वाटतं. त्यांनी कोणाला विचारलं नाही की हे भजनात बसतं का. बायकोला मारणारा नवरा, मजुरी गुत्त्यात घालवणारा नवरा, तोही त्यांच्याच संघटनेतला. शोषित म्हणून ज्याच्या बाजूने उभं राहायचं, त्याच्याच हातून मार खायचा. त्या बायकांनी वारशाचा जो भाग निवडला तो त्यांना सोयीचा नव्हता, घरात भांडण लावणारा होता.

खान्देशी_भरीत

अजिताताई, आजी भजनाला नव्हती. ती भाकरी थापत होती. मडकी फोडायला मात्र गेली होती असं आई सांगते, आणि आजोबा दोन दिवस बोलले नाहीत तिच्याशी. 🙂

बिनकामाचा

दोन दिवस शांतता? आजीचा डबल फायदा.

ढोलकी_घुमते

इथे कोणी जलशाचं नाव कसं काढलं नाही? धागाकर्त्याच्या 'सुरुवात कशाने करायची' या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राने दीडशे वर्षांत तीन-चार वेळा देऊन झालंय, आणि तेही तमाशाच्या फडात!

तमाशाची सुरुवात गणाने. गण म्हणजे गणपतीला आवतण. मग गौळण, मग बतावणी, मग वग. सत्यशोधकांना खेड्यात जायचं होतं आणि खेड्यातला माणूस भाषणाला येत नाही, तमाशाला येतो. मग त्यांनी जलसा काढला. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, साचा तोच. गणही ठेवला, पण त्यात गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा नायक असा अर्थ सांगायला लागले. गौळणीत कृष्णाने वाट अडवायची, तिथे भटजी आणि सावकार आले. आंबेडकरी जलशांनी पुढचं पाऊल टाकलं, गणात भीमवंदना आली. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. माझी दहा भाषणं आणि यांचा एक जलसा बरोबरीचा असं बाबासाहेब म्हणत, हे आमच्याकडे प्रत्येक गायकाला तोंडपाठ असतं. मग १९४४ चं लाल बावटा कलापथक, अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर. अण्णा भाऊंनी गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन घातलं, तमाशाला लोकनाट्य केलं.

माझा मुद्दा काय, तर यातल्या कोणीही ढोलकी फेकली नाही आणि कोणीही गण जसाच्या तसा ठेवला नाही. अण्णा भाऊ तर मातंग घरातले, तमाशाच्या फडात वावरलेले. ज्या कलेमुळे त्यांच्या लोकांना खालचं मानलं तीच कला घेऊन ते गिरणगावात उभे राहिले. तुमच्या पोरांना म्हणावं, उद्देशिका वाचू नका, चालीवर बसवा. आणि जुन्यांना म्हणावं, गण बदला.

परखड

ढोलकी, हा प्रतिसाद आवडला. विरोध अर्धा मागे. उरलेला अर्धा जपून ठेवतो.

ओवीची_नात

अजितांच्या 'बायकांचं काय'ला धरून.

आमचं गाव मुळशी खोऱ्यातलं. १९२१ चा मुळशी सत्याग्रह, सेनापती बापट, टाटांचं धरण, हे सगळं आम्ही शाळेत शिकलो. पण जमीन गेली म्हणजे काय झालं, हे मला आजीच्या जात्यावरून कळलं. पहाटे उठायची, खुंट्याला हात घातला की आपोआप सुरू. पहिली ओवी देवाला, दुसरी आईबापाला, आणि पाचव्या-सहाव्या ओवीपर्यंत सासूचा उद्धार. नवऱ्यासमोर जे बोलता येत नाही ते दगडाला सांगायचं. जात्याचा आवाज एवढा की बाहेर ऐकू जात नाही, आणि ऐकू गेलं तरी 'गाणं म्हणतेय' म्हणून कोणी मनावर घेत नाही. खान्देशी_भरीत यांच्या भजनासारखंच झालं की हे!

याच डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटना काम करत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ त्यात होते. कष्टकरी बायकांना आपल्याबद्दल काय वाटतं हे शोधताना त्यांना ओव्या सापडल्या आणि पुढे गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यांत बीडकडच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्याही आहेत. पहिली ओवी विठ्ठलाला न घालता भीमरायाला घालणाऱ्या बायका. कोणी शिबिर घेऊन शिकवलं नव्हतं त्यांना.

फक्त एक सांगते. आजी ओव्या म्हणायची आणि तरीही आईला सासुरवास केला. भरपूर केला. ओवीत रडलेलं सगळं सुनेला परत दिलं. म्हणून मला नुसत्या वारशाचं कौतुक होत नाही.

अजिता_म

शेवटचा परिच्छेद... __/\__

फ्रेझ्नोचा_भाऊ

जरा लांबचं, पण विषयाला सोडून नाही. मी राहतो त्या कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात द्राक्षं, बदाम, आणि ती तोडणारे मेक्सिकन मजूर. १९६५ च्या सप्टेंबरात डेलानोला फिलिपिनो मजुरांनी संप सुरू केला, पाठोपाठ सेझार चावेझ यांच्या मेक्सिकन मजुरांनी साथ दिली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ते डेलानोहून राजधानी सॅक्रामेंटोला चालत निघाले. साडेतीनशे मैलांच्या आसपास, जवळपास साडेतीन आठवडे, पोचले ते ईस्टरच्या दिवशी. पुढे ग्वादालुपेच्या मातेची पताका. ते त्याला मोर्चा म्हणत नव्हते, तीर्थयात्रा म्हणत होते. मी पहिल्यांदा फोटो पाहिले तेव्हा दिंडीच आठवली, फोड आलेल्या पायांसकट.

त्यांच्याकडेही जलसा होता. ट्रकच्या फळ्यांवर उभं राहून मजूरच नाटुकली करायचे, गळ्यात पाटी अडकवायची, 'मालक', 'संपफोड्या'. भाषण कमी, हशा जास्त.

आणि परखड यांच्यासाठी: तिथेही भांडण झालंच. ही मजुरांची संघटना आहे की देवळाची, माता कशाला पुढे, असं संघटनेतल्याच काहींनी विचारलं होतं. शिवाय संप ज्यांनी सुरू केला त्या फिलिपिनोंचं काय, त्यांची कुठली पताका? लॅरी इटलिआँग हे त्यांचे नेते, त्यांचं नाव आज कितीजण घेतात? एकाचा वारसा पुढे आला की शेजारच्याचा मागे पडतो, हे मला या गोष्टीतलं सगळ्यांत अवघड वाटतं.

बिनकामाचा

बदामाच्या बागेतून वारी. धागा आता तापीकाठ सोडून पॅसिफिककाठी गेला.

नुसता_वाचक

सगळे वारसा वारसा करताय, मग गोदावरी परुळेकरांचं काय करायचं? घर गोखल्यांचं, पुण्यातलं, कायदा शिकलेल्या. १९४५ मध्ये तलासरीकडे झरीला वारल्यांची सभा झाली, वेठबिगार बंद, लग्नगडी बंद. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी कर्ज घेतलं की नवराबायको दोघंही सावकाराचे राबते. या बाईंच्या वारशात वारल्यांचं काही नव्हतं. तरी त्या जंगलात जाऊन राहिल्या. मग न्यायाची चाड कुठून आली? माझं मत: वारसा हे आपण नंतर लावलेलं लेबल. आधी माणूस कुठल्या तरी एका प्रसंगाने हलतो, आणि मग मागे वळून आपल्या पणज्याला शोधतो.

टाळकरी

नुसता_वाचक, त्यांच्या घराला सार्वजनिक कामाचा वारसा होताच की. त्या स्वतः नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात होत्या. त्यांनी तो वारसा घेतला आणि त्याच्या मवाळपणाला रामराम ठोकला. वारसा फक्त जातीचा, देवाचा असतो असं कोणी सांगितलं?

नुसता_वाचक

अशाने सगळंच वारसा होईल. माझा वाचनाचा आळससुद्धा.

फुलवाडकर

उशिरा आलो. धागाकर्त्याच्या मूळ अडचणीवर बोलतो, कारण गेले बरेच प्रतिसाद ती विसरलेत.

आम्ही पुण्यातल्या सत्यशोधक परंपरेतले. आमच्याकडे कार्यक्रमाची सुरुवात जोतीरावांच्या अखंडाने होते, 'सत्य सर्वांचे आदि घर'. बाबा आढाव स्वतः म्हणायचे, सभागृह मागून म्हणायचं. आता हा अखंड काय आहे बघा. घाट अभंगाचा, वारकऱ्याच्या तोंडात सहज बसेल असा. आशय मात्र असा की त्यात कुठल्याच बडव्याला काम उरत नाही. जोतीरावांनी तुकोबांची चाल घेतली, मध्यस्थ काढून टाकला. भजनवाल्यांनाही टाळ वाजवता येतो आणि उद्देशिकावाल्यांनाही मान खाली घालावी लागत नाही.

आणि याच बाबा आढावांनी दुष्काळाच्या सुमारास 'एक गाव एक पाणवठा' घेऊन गावंच्या गावं पालथी घातली. हमाल पंचायत, कष्टाची भाकर हे सगळं त्याच गाण्याच्या आसपास उभं राहिलेलं. अखंड म्हणून कोणी हमालांची मजुरी वाढवली नाही, त्यासाठी संप करावे लागले. पण संपाच्या आदल्या रात्री पन्नास माणसं काय म्हणतात यानेही फरक पडतो. मी बघितलाय.

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

काल बैठक झाली. हा धागा मोबाईलवर वाचून दाखवला, आजीने मडकी फोडली तिथे बायकांनी टाळ्या वाजवल्या. ठरलं ते असं: अखंड म्हणायचा, आणि उद्देशिका पावरी-भिलीत करून ढोलावर बसवायची. भाषांतराला आमच्यातलीच एक बारावीची पोरगी बसलीय. 'सार्वभौम'पाशी अडकली आहे, तिची आजी तिला मदत करतेय. आजीला लिहिता येत नाही, पण पोरगी जे लिहिते त्यातलं निम्मं ती खोडायला लावते.

नवं भांडण: ढोल वाजवणारे सगळे पुरुष. बायका म्हणतात आम्ही वाजवणार. जुने म्हणतात बायकांनी ढोलाला हात लावायचा नसतो, रीत नाही.

परखड

जपून ठेवलेला अर्धा विरोध आता काढू का?

अजिता_म

काढाच. आणि तापीकाठ, ढोल किती आहेत तुमच्याकडे? एकच असेल तर दुसरा आणा, वर्गणी मी देते. व्यनि (खासगी निरोप) करा.

खान्देशी_भरीत

ढोल आमच्या फळीवर आहे, आजोबांच्या मंडळाचा. कातडं बदलावं लागेल. शिबिराची तारीख सांगा, गाडीत टाकून आणतो. आईही येते म्हणतेय, तिला वाजवायचाय.